जाडीची शेवटची सोळा पानं

गेले चार दिवस एक कादंबरी कापडी पिशवीत घालून मी फिरते आहे. घरी, खराडीला, ती टेबलावर ठेवली की उचलावीशी वाटते आणि उचलली की ठेवावीशी. काल गॅस बंद केला की नाही हे बघायला तीनदा उठले आणि तिन्ही वेळा पिशवीच बघून आले. आज सकाळी शेवटी मेट्रोत बसले, मंडईला उतरले आणि चालत बुधवार पेठेत आले. इथे येऊन काय होणार होतं, ते मला ठाऊक नव्हतं. पायाला भिंगरी लागली की माणूस जिथून निघाला तिथेच परत जातो.

निमित्त एका फोनचं. एका प्रकाशनात काम करणारी मुलगी आहे, फार तर पंचविशीची. एके काळी गाजलेली आणि मग पार विसरली गेलेली एक जाड कादंबरी त्यांना पुन्हा छापायची आहे. त्यांना हिंडून हिंडून दोन प्रती मिळाल्या, दोन्हींची शेवटची पानं गेलेली. वाचनालयातल्या पुस्तकांची पहिली आणि शेवटची पानंच आधी जातात, हे मी तिला सांगणार होते, पण ती भरभर बोलत होती. तिसरी प्रत माझ्याकडे निघाली, माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या वाचनालयातली. ती घरी आली, पानन् पान मोबाईलवर टिपून घेऊन गेली आणि दोन दिवसांनी तिचा फोन आला.

"मॅडम, लास्टची सोळा पानं हँडरिटन आहेत. ती ओरिजिनल कॉपीवरूनच उतरवलीयेत ना? तेवढं कन्फर्म करा फक्त, म्हणजे आम्ही प्रेसला देतो."

नुसतं हो म्हणायचं होतं. मी म्हटलं, "बघून सांगते." आता यात बघायचं काय होतं? ती पानं कुठल्याच प्रतीवरून उतरवलेली नाहीत, हे मला बारा वर्षांची असल्यापासून माहीत आहे.

वाचनालय होतं तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. दाराच्या दोन्ही बाजूंना ती माळेसारखी टांगली आहेत, आणि आतला मुलगा "या काकू, कुठलं मॉडेल?" असं विचारतो. मी "बघतेय" म्हणून उभी राहिले. उंबरठा मात्र तोच आहे, डावीकडे झिजलेला. अण्णा खुर्चीतून न उठता आल्या-गेल्याला तो उंबरठा दाखवत आणि म्हणत, "वाचकांनी झिजवलाय. तुम्ही नुसते उभे राहून झिजवू नका." मी आज नुसतीच उभी होते.

ही गल्ली तेव्हा वासानेच ओळखू यायची. शेजारी रेडिओ दुरुस्तीची दुकानं, तिथून डाख लावतानाचा राळेचा धूर यायचा. एका वेळी चार रेडिओ चार वेगवेगळ्या स्टेशनांवर लावलेले, एकात बातम्या, एकात भजन, दोनांत नुसती खरखर. दगडूशेठकडून घंटेचा आवाज आणि हारवाल्यांच्या टोपल्यांतला ओला झेंडू. आणि आमच्या दारात यासीनभाईंची खळ. यासीनभाई आमचे बाइंडर, त्यांच्या चार पिढ्या पुण्यातल्या. महिन्यातून दोनदा ते पाट, सुई, दोरा घेऊन वाचनालयाच्या पायरीवर बसत आणि फाटलेली पुस्तकं शिवत. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घातलेला असे, त्याचा तो धातूसारखा वास माझ्या शाळेच्या वह्यांनाही यायचा. परीक्षेत पेपर लिहिताना तो वास आला की मला धीर येई. आता या दुकानात प्लॅस्टिकचा वास आहे आणि तो माझ्या नाकात बसत नाही.

त्या कादंबरीचं कव्हर फार आधीच गेलं होतं, आणि कव्हराबरोबर नावही गेलं. वाचनालयात तिला सगळे "जाडी" म्हणत. "जाडी आली का?" असं कुणी दारातून विचारलं की आत बसलेल्या लिमयेबाई मान वर करून चष्म्यावरून बघत. बाई निवृत्त शिक्षिका होत्या आणि अंगाने भरलेल्या होत्या. अण्णा तेवढ्याच गंभीरपणे उत्तर देत, "एक आत बसलीय, दुसरी अजून यायची आहे." बाई चिडत नसत. त्या म्हणत, "अण्णा, तुमची सभासदसंख्या का वाढत नाही, हे मला नीट समजलेलं आहे."

सातशे पानांच्या त्या कादंबरीत एका नदीवर एक पूल बांधला जातो, बस. पण त्या पुलाच्या कामावर साऱ्या मुलखातून माणसं येतात. कोण डोंगरातून, कोण समुद्राकाठून, कोण दुष्काळातून. एकाची बोली दुसऱ्याला कळत नाही, एकाचं खाणं दुसऱ्याला चालत नाही. भिवा नावाचा एक नावाडी आहे, पूल झाला की त्याची नाव संपणार. मजुरांसाठी भाकरी थापणारी एक बाई आहे. शाळेत आमच्याकडून देश पाठ करून घेत: नद्या, पिकं, राजधान्या. जाडीत देश निराळाच दिसायचा. पंगतीत कोण कुणाशेजारी बसायला कां-कूं करतं, उशिरा येणाऱ्याची भाकरी कोण झाकून ठेवतं, साहेबापुढे कोण कसं हसतं आणि साहेबाची पाठ वळल्यावर कसं. अण्णा म्हणत, "इतिहासात देशाला राजे असतात. कादंबरीत त्याला शेजारी असतात." हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की यासीनभाई सुईत दोरा ओवता ओवता ते त्यांच्याबरोबरच म्हणत.

आणि एक दिवस जाडी परत आली ती शेवटचा फर्मा, एकत्र शिवलेला गठ्ठाच, गमावून. सोळा पानं. कुणी नेली, कशी गेली, ते आता सांगण्यात अर्थ नाही.

साधा उपाय होता. दोन पेठा पलीकडे आणखी एक वाचनालय होतं, तिथे जाडीची धडधाकट प्रत होती. पण त्या वाचनालयाच्या चिटणिसांचं आणि अण्णांचं बोलणं बंद होतं. भांडण कशावरून झालं ते बहुधा दोघेही विसरले होते, फक्त भांडण आहे एवढं दोघांनी नीट लक्षात ठेवलं होतं. अण्णांनी कार्ड टाकलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: "आमच्याकडे प्रत आहे. बाहेर देण्याची प्रथा नाही. आपण येऊन वाचावी. येताना पादत्राणे दाराबाहेर काढावीत."

पायी दहा मिनिटांचा रस्ता. सोळा पानं उतरवून घ्यायला एक दुपार पुरली असती. अण्णांनी ते कार्ड लिमयेबाईंना वाचून दाखवलं आणि म्हणाले, "त्यांच्या दारात मी चपला काढायच्या? त्यापेक्षा आपण आठवून लिहू. इतक्यांनी वाचलंय. एकालाही शेवट आठवू नये?"

लिमयेबाईसुद्धा म्हणाल्या, "बरोबर आहे." असली चूक आमच्याच गावात होऊ शकते. पुढे ते दुसरं वाचनालय बंद पडलं, इमारत पडली, पुस्तकं पोत्यांत भरून गेली. त्यांत ती प्रतही गेली असणार. मला आजही त्या दहा मिनिटांचा राग येतो. अण्णांचा येतो आणि मग अण्णांवर राग धरल्याबद्दल स्वतःचाही येतो.

आठवून लिहायचं ठरलं ते रविवारी सकाळी. मी उंच मांडण्यांच्या शिडीवर बसले होते, चौथ्या पायरीवर. तिथून सगळ्यांच्या टाळक्यांवरून पलीकडे दिसायचं. खाली अण्णा कागद घेऊन, लिमयेबाई, पायरीवर यासीनभाई, आणि दाराजवळच्या स्टुलावर वानखडे. वानखडे विदर्भातून आलेले, पिंपरीच्या एका कारखान्यात कामाला होते. दर रविवारी दोन बस बदलून पुस्तक बदलायला येत. बोलत फार थोडं. पुस्तक परत करताना ते शर्टाच्या बाहीने पुसून देत, हे माझ्या लक्षात राहिलं आहे.

लिमयेबाईंना उद्घाटन आठवत होतं. झेंडा, बँड, शाळेतली मुलं रांगेत, आणि भिवा आपलं वल्हं नदीला वाहून पुलावर पहिलं पाऊल टाकतो. "शेवट उदात्तच होता," बाई म्हणाल्या. यासीनभाईंनी जाडी स्वतः वाचली नव्हती. हात कामात असायचे, म्हणून अण्णा त्यांना वाचून दाखवत. त्यांना आठवत होती इंजिनिअरची म्हातारी आई. तिला पुलाची भीती वाटते, ती नावेनेच जाणार म्हणून हटून बसते, आणि भिवाला शेवटचं गिऱ्हाईक मिळतं. "पुलाखालून नाव जाते आणि वरून तिचा मुलगा बघत राहतो," यासीनभाई म्हणाले, "ते ऐकताना माझं बोट टोचलं होतं. म्हणून पक्कं लक्षात आहे." अण्णांना फक्त शेवटचं वाक्य आठवत होतं: नदी मात्र तशीच वाहत होती.

"सगळ्याच कादंबऱ्यांत नदी शेवटी तशीच वाहते, अण्णा," लिमयेबाई म्हणाल्या.

मग अण्णा वानखड्यांकडे वळले. ते आधी नको नको म्हणाले. मग हात गुडघ्यांवर ठेवून बोलू लागले आणि बोलताना शिडीकडे, म्हणजे माझ्याकडे बघत होते. बहुधा तेवढंच एक तोंड त्यांना कमी अवघड वाटलं असावं.

"पूल झाला म्हंजे लोक गेले ना तिथून. दुसऱ्या पुलावर गेले, कामावर. थे भाकरी थापणारी बाई हाये ना, तिनं जाताना चूल नाई मोडली. राखेखाली इस्तो झाकून ठेवला. मांगून कोनी आलं त लागते, म्हने. आन् मंग गेली."

इस्तो म्हणजे विस्तव, हे मला तेव्हा अंदाजानेच कळलं.

"पण असं कसं असेल?" लिमयेबाई म्हणाल्या. "पूल झाला, सगळा मुलूख जोडला गेला, आणि शेवटी काय, तर चूल?"

"पूल कोनं बांधला मंग?" वानखडे म्हणाले. आवाज चढवून नाही, खरंच विचारल्यासारखं.

अण्णांनी टोपण लावून पेन खिशाला अडकवलं. "वानखडे, तुम्ही तुमच्या गावाकडचं सांगताय. आम्हाला पुस्तकातलं हवंय."

"पुस्तकातलंच हाये, अण्णा. मी दोनदा वाचलं."

"तीनदा वाचलंत तरी नसलेलं कसं सापडेल?"

माझ्या वडिलांची ती नेहमीची बोलायची रीत होती. तिच्यावर आम्ही हसत असू, सभासदही हसत. त्या दिवशीही लिमयेबाई हसल्या आणि, खरं सांगायचं तर, शिडीवरून मीही हसले. वानखडे उठले. "असंन बा," म्हणाले. त्यांनी हातातलं पुस्तक बाहीने पुसलं, टेबलावर ठेवलं, दुसरं घेतलं नाही. त्यानंतर ते कधी आले नाहीत.

अण्णांनी सोळा पानं लिहिली. झेंडा आला, बँड आला, म्हातारी नावेत बसली, भिवाने तिला पार नेलं आणि परत येऊन वल्हं नदीला वाहिलं. नदी अर्थातच तशीच वाहिली. अक्षर छापल्यासारखं, एकही खोड नाही. यासीनभाईंनी ती पानं शिवून, दाबून, आठवड्याने पुस्तक आणून दिलं, आणि अण्णांनी ते उघडून बघताच आवाज चढवला. सोळा पानांनंतर, त्याच कागदाचं, आणखी एक कोरं पान शिवलेलं होतं.

"यासीनभाई, मोजता येत नाही का? हे जास्तीचं कशाला?"

यासीनभाई खळीचा डबा फडक्यात बांधत होते. म्हणाले, "अण्णा, पान जास्त झालं म्हणून आजवर कुणी तक्रार केली नाही. कमी झालं की करतात."

मला तो विनोद वाटला होता. मी तो शाळेत मैत्रिणींना सांगितलासुद्धा.

पुढे कितीजणांनी ती जाडी नेली. मीही पहिल्यांदा वाचली ती अण्णांच्या शेवटासकट, आणि ढसढसा रडले, त्या म्हातारीपाशी. कॉलेजात कुणी विचारलं की तुझा देश तुला कुठे भेटला, तर मी झोकात म्हणे, एका कादंबरीत. आता हे आठवून कानशिलं तापतात. कारण ज्या पानांवर मी रडले, त्यांत देश होता की फक्त बुधवार पेठ होती? त्या मुलीने नव्या आवृत्तीच्या मागच्या बाजूसाठी मजकूर लिहिला आहे. तो तिने मला वाचून दाखवला: ही कादंबरी आपल्या देशाचा आरसा आहे. आरसा म्हणे. आरशात बघणाऱ्याचंच तोंड दिसतं. आम्ही तिघाचौघांनी आपापली तोंडं बघून घेतली आणि जो आरशासमोर दाराजवळच्या स्टुलावर बसला होता, त्याला म्हटलं, तू यात नाहीस.

शेवटच्या वर्षांत अण्णांना दिसायचं कमी. वाचनालय मिटलं होतं. खराडीच्या फ्लॅटमध्ये, बाल्कनीत, ते जाडी मांडीवर घेऊन बसत. वाचता येत नव्हतं, तरी पानं बोटांनी मागे टाकत टाकत शेवटच्या कोऱ्या पानाशी येत आणि तिथे तळहात पसरून ठेवत. एकदा मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "वानखड्यांचं खरंच पुस्तकातलं असेल का गं?"

"कुणास ठाऊक, अण्णा."

"मी त्यांना कार्ड टाकलं होतं. या म्हणून. तुमचंही लिहून घेतो म्हणून."

"मग?"

"परत आलं."

ते गेल्यावर कार्ड मला त्याच पुस्तकात सापडलं, अस्तराच्या आत सरकवलेलं. अण्णांच्या त्या छापील अक्षरात मजकूर आणि त्यावर टपालखात्याचा शिक्का: अपुरा पत्ता. मी तेव्हा ते होतं तसं परत सरकवलं.

दुकानातल्या मुलाने दुसऱ्यांदा "काकू, मॉडेल?" विचारलं तेव्हा मी बाहेर पडले. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात चहा सांगितला आणि फोन लावला.

"ती पानं कुठून उतरवलेली नाहीत," मी म्हटलं. "वाचकांनी आठवून सांगितलं, माझ्या वडिलांनी लिहिलं. लेखकाचा शेवट काय होता, ते मला माहीत नाही. आता कुणालाच नसेल."

मग ती म्हणाली, "पण मॅडम, मी रडले होते वाचून. त्या आजी नावेत बसतात तिथे."

"मीपण."

"मग आता काय करायचं? सर म्हणतील, शेवट नसेल तर छापायचं कशाला?"

"छापा किंवा छापू नका. पण लेखकाच्या नावावर ते नको. ज्यांनी सांगितलं त्यांच्या नावावर घाला."

ही मुलगी मला आवडते ती यासाठी, की ती हिरमुसली तरी थांबत नाही. कागद ओढल्याचा आवाज आला. "ओके. नावं सांगा. पूर्ण, हं. प्रॉपर क्रेडिट द्यायचं तर."

मी अण्णांचं सांगितलं. लिमयेबाईंचं सांगितलं, त्यांचं पाळण्यातलं नावसुद्धा मला पाठ होतं. यासीनभाईंचं सांगितलं, वडिलांच्या नावासकट, कारण अण्णांच्या सभासद-वहीत ते तसं होतं आणि ती वही मी लहानपणी पाढ्यांसारखी वाचलेली.

"एवढेच?"

"नाही. आणखी एक आहेत. त्यांचं पान लिहायचं राहिलंय, ते मी आज लिहून पाठवते. वानखडे."

"वानखडे. पूर्ण नाव?"

मी पुस्तक उघडलं, अस्तरातून ते कार्ड ओढलं आणि उलटं केलं. ते सापडलं तेव्हा मी मागचा मजकूर वाचला होता, शिक्का वाचला होता, पत्ता नीट वाचला नव्हता. श्री. वानखडे, कारखाना कामगार, पिंपरी. बस, एवढंच. सभासद-वहीतही ते तेवढेच होते, हे मला आत्ता, चहाचा ग्लास हातात असताना, आठवलं. सगळ्यांची तीन-तीन शब्दांची नावं, आणि त्यांच्यापुढे कंसात: कारखाना.

"मॅडम? पूर्ण नाव?"

"आम्ही विचारलं नव्हतं," मी म्हटलं.

फोन ठेवला. चहावाल्याने दुसरा चहा न सांगता आणून ठेवला आणि "बसा निवांत, पण टेबल एकच आहे" असंही म्हणाला. मी पिशवीतून अण्णांचं पेन काढलं. कोऱ्या पानाला अजून त्या मोरचुदाचा वास येत होता, किंवा मला तसं वाटलं. त्यांच्याच बोलण्यात लिहिलं, जसं शिडीवर बसून ऐकलं तसं, चूल नाई मोडली, इस्तो झाकून ठेवला, मांगून कोनी आलं त लागते. पुस्तकातलं असेल, गावाकडचं असेल. चार ओळी झाल्या. अक्षर अण्णांसारखं नाही आलं.

खाली सही करतात तिथे मी वानखडे असं लिहिलं, आणि त्याच्या आधी दोन शब्दांची जागा मोकळी सोडली.